देवनगरीचे पाणी

बँकॉक हे नाव परकीयांच्या तोंडी रुळले. तेथील नागरिक मात्र आपल्या शहरास 'क्रुंग थेप', म्हणजे देवांची नगरी, असेच म्हणतात. पहिल्या रामाने १७८२ साली चाओ फ्राया नदीच्या पूर्वतीरावर ही राजधानी वसविली आणि तिच्या लांबलचक बिरुदावलीत अयोध्या, इंद्र व विश्वकर्मा या सर्वांना स्थान मिळाले. राजवाड्याच्या आवारातील देवालयाच्या ओवऱ्यांत रामकथेची चित्रे आहेत, नदीपलीकडे अरुणाच्या नावाचे मंदिर आहे आणि सुवर्णभूमी विमानतळावर समुद्रमंथनाचे भव्य शिल्प आहे. येथे राहावयास आलेला भारतीय पहिले काही आठवडे या ओळखीच्या खुणा मोजण्यातच गढून जातो.

परंतु हे सारे आपलेच आहे, ही सुखद समजूत फार काळ टिकत नाही. थायी रामकथेतील हनुमान ब्रह्मचारी नसून चांगला रसिक आहे, हे कळले म्हणजे तिला पहिला तडा जातो. या शहराचा स्वभाव जाणून घ्यावयाचा, तर देवांकडून पाण्याकडे वळले पाहिजे.

बँकॉक समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड मीटर उंचीवर, नदीच्या गाळावर उभे आहे. जुन्या काळी येथील रस्ते म्हणजे कालवेच होते. बाजार पाण्यावर भरे आणि माणसे होडीनेच शेजाऱ्याकडे जात. घोडागाडी हाकण्यास वाट नाही, अशी तक्रार युरोपियनांनी केली, आणि १८६४ साली पहिला आधुनिक रस्ता पुरा झाला. पुढे मोटारी आल्या व कालव्यांमागून कालवे बुजवून त्यांवर रस्ते झाले. विसाव्या शतकात भूगर्भातील पाण्याचा एवढा उपसा झाला की, जमीनच खचू लागली. कायद्याने व करआकारणीने त्यास आळा बसला. पण खचलेली भूमी पुन्हा वर येत नाही.

याची किंमत कोणी द्यावयाची, हा खरा प्रश्न आहे. २०११ च्या महापुरात देशभर आठशेहून अधिक माणसे दगावली. राजधानीचा मध्यभाग वाळूच्या पोत्यांनी व जलद्वारांनी बहुतांशी कोरडा राखण्यात आला. परंतु अडविलेले पाणी उपनगरांतील घरांत दिवसेंदिवस साचून राहिले. तेथील रहिवासी जलद्वारांपाशी जमून ती उघडण्याचा आग्रह धरू लागले. व्यापारपेठ वाचविणे हा राज्यकर्त्यांचा हिशेब असेल. छातीभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसास तो पटावा कसा?

सेन सेप या जुन्या कालव्यातून आजही प्रवासी होड्या धावतात, आणि वरच्या रस्त्यावर मोटारी खोळंबल्या असता चाकरमानी त्यांतून वेळेवर कचेरीत पोहोचतात. टाकाऊ ठरविलेली जुनी व्यवस्थाच अशी उपयोगी पडते. २६ जुलै २००५ रोजी मिठी नदीचा कोप अनुभवलेल्या मुंबईकरास हे निराळे सांगावयास नको. पाण्याची वाट बुजविता येते. पाणी मात्र आपली वाट शोधतेच, आणि ती बहुधा दुबळ्याच्या दारातून जाते.