खिशातला निखारा

एका सकाळी शेजारचे आबा माझ्याकडे आले. त्यांच्या हातात एक चकचकीत नळी होती.

"गुरुजी, पोरगं पुण्याहून सुटीला आलंय. सदरा धुवायला काढला, तर खिशात हे सापडलं. पेन म्हणावं, तर टोपण निघत नाही. हे आहे तरी काय?"

मी नळी उलटसुलट करून पाहिली. "आबा, हे पेन नव्हे. ही विजेची सिगारेट. शहरात हिला वेप म्हणतात."

आबा हसले. "म्हणजे काडी नको, राख नको. विडीपेक्षा बरीच म्हणायची की!"

बरी की वाईट, ते आपणच पाहू या.

नळीच्या आत काय असते?

नळीच्या एका भागात औषधासारखा पातळ रस असतो. त्यात बहुधा निकोटीन असते. तंबाखूची सवय लावणारे विष ते हेच. रसाजवळ तारेचे लहान वेटोळे असते. विजेच्या शेगडीची तार तापते, तसे हे वेटोळे तापते. रसाची वाफ होते. ती वाफ माणूस ओढतो.

तार तापवायला वीज लागते. त्यासाठी नळीत एक बॅटरी असते. तिला लिथियम बॅटरी म्हणतात. तुमच्या मोबाइलमध्येही याच जातीची बॅटरी असते.

बॅटरी का फुटते?

या बॅटरीत धातूचे दोन पातळ पत्रे असतात. सतरंजी गुंडाळावी तसे ते गुंडाळलेले असतात. दोघांच्या मध्ये एक पातळ पडदा असतो. हे सारे एका द्रवात भिजलेले असते. हा द्रव रॉकेलसारखा पेट घेतो.

पडदा फाटला, की आतल्या आत वीज एकदम वाहू लागते. बॅटरी तापते. उष्णतेने आणखी उष्णता वाढते. ओला कडबा रचून ठेवला, तर गंजी आतून तापते ना? तिथे दिवस लागतात. इथे काही क्षण पुरतात.

पडदा कशाने फाटतो? बॅटरी आपटली, चेपली किंवा फार तापली, तर फाटतो. मुळात घडणच कच्ची असली, तरी फाटतो. भलताच चार्जर लावला, तर बॅटरी प्रमाणाबाहेर भरते आणि बिघडते. सुटी बॅटरी खिशात ठेवली आणि तिच्या दोन्ही टोकांना किल्ल्या किंवा नाणी टेकली, तरी तोच प्रकार होतो. विजेला मोकळी वाट मिळते आणि बॅटरी तापते.

मोबाइल चपटा असतो. सिगारेट म्हणजे बंद नळी. आत दाब वाढला, की तिचे टोक उडते. मग ती दिवाळीतल्या बाणासारखी सुटते.

झालेले अपघात

अमेरिकेच्या सरकारी अग्निशमन खात्याने वर्तमानपत्रांतून आलेल्या अशा बातम्या गोळा केल्या. 2009 ते 2016 या आठ वर्षांत 195 ठिकाणी अशी नळी किंवा तिची बॅटरी फुटली अथवा पेटली. 133 जणांना इजा झाली. त्यांपैकी 38 जणांची इजा गंभीर होती.

यातली एक गोष्ट नीट वाचा. 60 अपघात सिगारेट ओढताना झाले. 48 अपघात बॅटरी चार्जिंगला लावलेली असताना झाले. आणि 61 अपघात नळी किंवा बॅटरी नुसती खिशात असताना झाले! म्हणजे माणूस ओढत नसतानाही धोका असतोच.

खिशात फुटली, तर मांडी, हात आणि जांघ भाजते. तोंडाशी फुटली, तर दात पडतात, जबडा मोडतो, डोळ्याला इजा होते. 2018 साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एका माणसाच्या कवटीत तुकडे घुसले. तो दगावला. 2019 साली टेक्सास राज्यात 24 वर्षांच्या एका तरुणाच्या मानेत तुकडे घुसले. मेंदूला रक्त नेणारी शीर फाटली. तोही गेला.

आपला कायदा

आपल्या देशात 2019 पासून ही सिगारेट बनवणे, आणणे, विकणे, साठवणे आणि तिची जाहिरात करणे बंद आहे. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. तरीही ती चोरून विकली जाते. चोरीच्या मालाची पारख कोण करणार? बॅटरी कच्ची निघाली, तर दाद कोणाकडे मागणार?

भाजले तर काय करावे?

आधी माणसाला आगीपासून दूर न्या. जळते कपडे उतरवा. कातडीला चिकटलेले कापड मात्र ओढू नका. भाजलेल्या जागी भरपूर स्वच्छ, थंड पाणी सोडत राहा. बर्फ, शाई, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. ताबडतोब दवाखाना गाठा. डॉक्टरांना "बॅटरी फुटून भाजले" असे स्पष्ट सांगा. बॅटरीतले रसायन जखमेत राहते आणि आत जाळत जाते. डॉक्टरांना कारण कळले, तर ते तसा उपाय करतात.

मोबाइलचीही काळजी घ्या. उशीखाली ठेवून चार्ज करू नका. बॅटरी फुगली, तर तो वापरू नका. जुनी बॅटरी चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका.

संध्याकाळी आबा मुलाला घेऊन आले. मी काही बोललो नाही. वरचे आकडे कागदावर लिहिले होते, तो कागद आबांच्या हाती दिला. आबा गेल्याच वर्षी वाचायला शिकले. त्यांनी बोट ठेवून, अडखळत, एकेक ओळ मोठ्याने वाचली. 61 या आकड्याशी ते थांबले. त्यांनी मुलाच्या खिशाकडे पाहिले.

मुलाची मान खाली गेली. "आबा, पुन्हा नाही घेणार," तो म्हणाला.

आबा म्हणाले, "बाळा, विडी मीही ओढतो. ती काही चांगली नव्हे. आजपासून दोघंही सोडू."