परहस्ते युद्ध

महासत्ता परहस्ते कशा लढतात, हे मी अफगाणिस्तानच्या उदाहरणाने विशद करतो. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा तेथे शिरल्या. अमेरिकेने मुजाहिदीनांसाठी प्रथम सोव्हिएत नमुन्याचीच शस्त्रे इजिप्त व चीनकडून मिळविली. आपला हात दिसू नये, हा हेतू. वाटप पाकिस्तानच्या गुप्तचर संस्थेकडे होते. कोणता गट प्रबळ व्हावा, हे तीच ठरवी. १९८६ मध्ये अमेरिकी स्टिंगर क्षेपणास्त्रे आली आणि तो पडदा गळून पडला. १९८९ मध्ये सोव्हिएत फौजा परतल्या, तरी काबूल सरकारला मॉस्कोची रसद १९९१ पर्यंत मिळत होती. १९९२ मध्ये ते सरकार कोसळताच तेच गट त्याच शस्त्रांनी आपसांत लढू लागले. शस्त्रे पुरविणारे दोघेही तोवर बाजूला झाले होते. मोल काबूलच्या नागरिकांना मोजावे लागले.