गंगादशहरा : शेताच्या बांधावरील गंगापूजन

ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदेपासून दशमीपर्यंतचा काळ हा गंगादशहऱ्याचा पुण्यकाल. तीन कायिक, चार वाचिक आणि तीन मानसिक अशी दहा पापे हरण करणारी ती दशहरा. आम्हां मराठवाड्यातील भाविकांची गंगा म्हणजे गोदावरी.

याच पर्वात एके वर्षी आम्ही जालना जिल्ह्यातील आष्टीस कीर्तनास गेलो होतो. गंगाजल कधीही बाटत नाही, असे पूर्वरंगात नेहमीप्रमाणे ठासून सांगितले. आरतीनंतर एक वृद्ध माउली पुढे आली व म्हणाली, ‘‘बुवा, आमची विहीर उसाच्या फडाला लागून आहे. देवाला स्नान घालते ते तिच्याच पाण्याने. तान्ह्या नातवाला त्याचं तीर्थ देऊ का?’’ ‘‘द्या की आजी’’ हे शब्द ओठांवर आले, पण उच्चारवेनात. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे उमगले, तेच येथे निवेदन करीत आहोत.

गोदावरी अवतरली ती एका शेतामुळे, हे आपण विसरतो. गौतम ऋषींच्या भातशेतात गाय शिरली. तिला हाकलण्यासाठी त्यांनी दर्भ उगारला आणि ती गतप्राण झाली. त्या पापाच्या क्षालनार्थ ऋषींनी शंकराची आराधना करून ब्रह्मगिरीवर गंगा आणली. शेतात घडलेल्या दोषाचे प्रायश्चित्त म्हणून ही माय आली आहे!

आष्टी ही परतूर तालुक्यातील. तालुक्याच्या दक्षिण सीमेवर गोदावरी. तालुक्यातून वाहणारी दुधना पूर्णेला मिळते आणि पूर्णा गोदावरीला. म्हणजे येथील शेतातला ओहोळ कोणत्याही दिशेने गेला तरी अखेर गोदामाईच्याच पदरात पडतो.

१९७२चा दुष्काळ ज्यांनी भोगला, त्यांना पाण्याचे मोल सांगावे लागत नाही. १९७६ साली पैठणचे जायकवाडी धरण राष्ट्राला अर्पण झाले आणि सुमारे २०८ किलोमीटर लांबीच्या डाव्या कालव्याने जालना-परभणीच्या शिवारांत पाणी खेळू लागले. ज्वारी-तुरीच्या रानांत ऊस उभा राहिला; पुढे मोसंबीच्या बागा वाढल्या, सोयाबीन आले. त्या पाण्याने घरे सावरली, हे कृतज्ञतेने म्हटलेच पाहिजे. परंतु पिकांबरोबर खतांच्या गोण्याही वाढल्या. शेणखत मागे पडले आणि कित्येक ठिकाणी ओढ्याकाठचे गवत नांगराखाली गेले.

युरियातील नत्र पीक सगळेच घेत नाही. उरलेल्याचे जमिनीत नायट्रेट होते. ते पाण्यात सहज विरघळते आणि झिरपत विहिरीत उतरते. स्फुरद मातीच्या कणांना चिकटून मृगाच्या पहिल्या सरींबरोबर ओढ्यात जाते. नदीत या दोहोंवर शेवाळ व जलपर्णी माजते. ती कुजली की पाण्यातील प्राणवायू सरतो आणि मासे तडफडतात. शेतांच्या जोडीला गावोगावचे सांडपाणीही त्याच नदीत येते, ते वेगळेच.

पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक आहे. सहा महिन्यांच्या आतील अर्भकांना ते विशेष घातक. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते व बाळ निळसर पडते. नायट्रेटला रंग नाही, वासही नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते.

संस्कृतात पाण्याला ‘जीवन’ म्हणतात. आणि ‘विष’ या शब्दाचाही एक अर्थ पाणी असाच आहे! मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र, थुंकी, रक्त आणि विष टाकू नये, असे सांगितले आहे. आमच्या पूर्वसूरींना गंगेच्या पावित्र्याविषयी शंका नव्हती. तरीही त्यांनी निषेध सांगितला. देवता अपवित्र होत नाही हे खरे, परंतु तिचे जल दूषित होते आणि ते आपलीच लेकरे पितात. आमच्या पूर्वरंगात एवढे सांगावयाचे राहून गेले होते.

म्हणून या दशहऱ्यास स्नान-दानाबरोबर आणखी एक नियम धरावा. माती तपासून मोजकेच खत द्यावे, तेही एकदम न देता विभागून. मोठ्या पावसाचा रंग दिसत असता ते टाकू नये. शेणखताचा मान परत आणावा. आणि ओढ्याकाठी काही हात रुंदीची पट्टी नांगरापासून राखून तेथे गवत वाढू द्यावे. वाहत्या पाण्याबरोबर जाणारी माती ते अडविते.

त्या माउलीला आम्ही पुढे निरोप धाडला : ‘‘आजी, ग्रामपंचायतीमार्फत विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. ते निर्दोष ठरेपर्यंत बाळाला आईचे दूधच पुरे. तीर्थाचे दोन थेंब मस्तकी प्रोक्षण करा. देव उणे मानणार नाही.’’

गौतमांच्या हातून दोष घडला तो दर्भाने. तोच दर्भ ओढ्याकाठी रुजला तर माती धरून ठेवतो. ते प्रायश्चित्त आपल्या हातून घडो, आणि प्रत्येक घरच्या तान्ह्याला निःशंक मनाने तीर्थ देता येवो, हीच गोदामाईच्या चरणी प्रार्थना.