दोन तारांवरचा दाब

दसऱ्याच्या सुमारास धाराशिव जिल्ह्यात ढोकी, रांजणी, चोराखळीच्या पट्ट्यात साखर कारखान्यांच्या बॉयलर अग्निप्रदीपनाचे दिवस येतात. पूजा होते, फोटो छापून येतात. बॉयलरचा दाब नियंत्रण कक्षात पोचवणाऱ्या दोन तारांची बातमी मात्र होत नाही.

बॉयलरच्या ड्रमवरचा दाब मोजणारा ट्रान्समीटर दाब शून्य असताना ४ मिलिअँपिअर प्रवाह सोडतो आणि मोजमापाचा पट्टा पूर्ण भरला की २०. शून्यालाही ४ ठेवलेले असल्याने तार तुटली तर लगेच कळते. शिवाय दोन तारांचा ट्रान्समीटर स्वतः याच प्रवाहावर जगतो. अंतराचा त्रास थोडा: दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलचा एक किलोमीटरचा जाऊन-येऊन रोध साधारण २४ ओहम.

खरा भार वाटेतल्या उपकरणांचा असतो. समजा, पुरवठा २४ व्होल्टचा आहे आणि ट्रान्समीटरला किमान १२ व्होल्ट लागतात. उरलेल्या १२ व्होल्टमध्ये २० मिलिअँपिअर ढकलायचे, तर एकूण भार ६०० ओहमपुढे जाता कामा नये. नियंत्रण कक्षातल्या पीएलसीचे २५० ओहम सहज बसतात. पुढे कुणी रेकॉर्डर जोडतो, त्याचे आणखी २५०. मग सुरक्षा बॅरिअरचे ३००. भार झाला ८००, आणि प्रवाह १५ मिलिअँपिअरवर अडला.

ट्रान्समीटरचा पट्टा ० ते १०० किलोचा (प्रति चौरस सेंटिमीटर) असेल, तर १५ मिलिअँपिअर म्हणजे सुमारे ६९ किलो. सहवीजनिर्मितीचा बॉयलर ६७ किलोवर चालत असेल, तर रोजचे आकडे बिनचूक दिसतात. दाब ७५ वर गेला तरी पडद्यावर ६९च. सत्तरला लावलेला अलार्म वाजणारच नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह स्प्रिंगवर उडेल, पण ऑपरेटरला आधी सावध करणारे कुणी उरत नाही. बंद पडलेल्या उपकरणापेक्षा हा दोष मला जास्त घातक वाटतो, कारण रोज खरे बोलणाऱ्या आकड्यावर कुणी शंका घेत नाही.

भार फार कमी असूनही चालत नाही. हार्ट (HART) पद्धतीच्या हँडहेल्ड उपकरणाला ट्रान्समीटरशी बोलायला लूपमध्ये, म्हणजे या दोन तारांच्या वळशात, साधारण २५० ओहम लागतात. कमी पडले तर तेवढा रेझिस्टर जोडावा.

ऑफ-सीझनच्या लूप चेकिंगमध्ये बहुतेक वेळा शून्य आणि मधला आकडा पाहून सही होते; तिथे हा दोष दिसतच नाही. इन्स्ट्रुमेंट विभागातल्या मित्रांनो, यंदा अग्निप्रदीपनाआधी प्रत्येक लूपमध्ये पूर्ण २० मिलिअँपिअर सोडा आणि तेव्हा ट्रान्समीटरच्या टर्मिनलवर किती व्होल्ट उरतात, ते मल्टिमीटरने मोजून वहीत लिहा.