शर्यत हातून निसटते तेव्हा

ट्रायथलॉन : आधी पोहणे, मग सायकल, शेवटी धावणे. घड्याळ मध्ये थांबत नाही; कपडे-बूट बदलण्याचा वेळही धरतात.

अंतरे : ऑलिंपिक (सिडनी, 2000 पासून) 1.5, 40 आणि 10 किमी. आयर्नमॅन 3.8, 180 आणि 42.2 किमी. 'आयर्नमॅन 70.3' त्याच्या निम्मी, आकडा एकूण मैलांचा. गोव्यात पहिल्यांदा 2019 मध्ये.

निकालपत्रात : डीएनएस म्हणजे सुरुवातच नाही. डीएनएफ म्हणजे सुरुवात झाली, शेवट नाही. डीएसक्यू म्हणजे नियमभंगामुळे बाद. खराब वेळेला मात्र वेगळी खूण नाही; ती फक्त खेळाडूला ठाऊक.

कालमर्यादा : आयर्नमॅनला साधारण 17 तास. पोहणे आणि सायकलला स्वतंत्र मर्यादा. ती चुकली की पुढचा टप्पा बंद.

हवाईची आयर्नमॅन, फेब्रुवारी 1982 : महिलांत आघाडीवरची ज्युली मॉस अंतिम रेषेजवळ कोसळली. कॅथलीन मॅकार्टनी पुढे निघून जिंकली. मॉस रांगत रेषेपर्यंत पोहोचली, दुसरी आली. या स्पर्धेच्या इतिहासात सर्वाधिक सांगितला जाणारा पराभव बहुधा हाच.

सरावासाठी, नवी मुंबई : वाशी ते बेलापूर पाम बीच मार्ग सुमारे 10 किमी, बराचसा सपाट. दोनदा जाऊन-येऊन ऑलिंपिकचा सायकल टप्पा पुरा होतो.