नळाला सोडा, कोपऱ्यात सिलिंडर

घराच्या नकाशात देवघर, स्वयंपाकघर, पार्किंग यांच्या जोडीला 'छोटासा बार' मागण्याची हौस आता यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीही आली आहे. संगमरवरी ओटा, मागे आरसा, आणि ओट्यावर दोन नळ. एकातून थंडगार सोडा, दुसऱ्यातून बिअर. फर्निचर कसे असावे हे सुतार सांगतो, दिवे कसे असावेत हे इलेक्ट्रिशियन सांगतो. त्या दोन नळांमागे काय असते, हे मात्र कोणी सांगत नाही. तिथे असते कार्बन डायऑक्साइड वायूचे सिलिंडर.

सोडा आणि बिअर यांचे नाते जुने आहे. १७६७ मध्ये इंग्लंडमधील लीड्स शहरात जोसेफ प्रिस्टले या शास्त्रज्ञाने शेजारच्या बिअरच्या कारखान्यातील आंबणाऱ्या पिंपावर पाण्याचे भांडे धरले. पिंपातून निघणारा वायू पाण्यात मिसळला आणि पाण्याला चुरचुरीत चव आली. पुढे १८७२ मध्ये हिराम कॉड याने काचेच्या गोटीने बंद होणाऱ्या बाटलीचे पेटंट घेतले. आपल्या बसस्थानकांवर फटकन फुटणारा गोटी सोडा तो हाच. बाटली बंद राहते ती आतल्या वायूच्या दाबामुळे. घरच्या नळातही हाच वायू आणि हाच दाब असतो. फरक एवढाच, की बाटलीत वायू थोडासा असतो आणि सिलिंडरमध्ये किलोंनी.

पाच किलो वायू किती जागा व्यापतो?

एक किलो कार्बन डायऑक्साइड सिलिंडरबाहेर आला की साधारण साडेपाचशे लिटर जागा व्यापतो. पाच किलोंचे झाले सुमारे पावणेतीन हजार लिटर. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे अठ्ठावीस हजार लिटर हवा मावते. म्हणजे दारे-खिडक्या बंद करून एसी लावलेल्या अशा खोलीत पाच किलोंचे सिलिंडर पूर्ण गळाले, तर हवेत या वायूचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास जाते. एरवी ते अवघे ०.०४ टक्के असते. तीन-चार टक्क्यांवर डोके दुखते, धाप लागते, घाम फुटतो. दहा टक्क्यांवर माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो.

स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. या वायूला वास नाही, रंग नाही. तो हवेपेक्षा दीडपट जड असल्याने जमिनीलगत साचतो. गादीवर खाली झोपलेले माणूस आणि रांगणारे मूल त्याच्या तावडीत आधी सापडते. विहिरीत उतरलेला गडी बेशुद्ध पडतो आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही वर येत नाही, अशा घटना विदर्भातल्या खेड्यांना नव्या नाहीत. तिथेही अनेकदा असाच जड वायू साचलेला किंवा प्राणवायू कमी झालेला असतो. बारच्या खोलीत कोणी कोसळलेले दिसले, तर आधी दारे-खिडक्या उघडाव्यात, मदत बोलवावी आणि खोलीत मोकळी हवा खेळल्यावरच आत जावे.

म्हणून सिलिंडर ओट्याखालच्या बंद कपाटात ठेवू नये. ते घराबाहेर, मोकळ्या हवेत ठेवून फक्त नळी भिंतीतून आत आणावी. सिलिंडर आतच ठेवणे भाग असेल, तर जमिनीलगत झरोका हवा आणि कार्बन डायऑक्साइड मोजून धोक्याची घंटा वाजवणारे उपकरण कमी उंचीवर लावलेले हवे.

विदर्भाचा उन्हाळा आणि ३१ अंश

बाहेर ठेवायचे तर ऊन आडवे येते. सिलिंडरमध्ये हा वायू दाबाखाली द्रवरूपात असतो. वीस अंश सेल्सिअस तापमानाला आतला दाब साधारण ५७ बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे ५७ पट असतो. पण ३१ अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही आणि दाब झपाट्याने वाढतो. यवतमाळचा मे महिना ४४-४५ अंशांचा. तेव्हा पूर्ण भरलेल्या सिलिंडरमधील दाब सावलीतही वीस अंशांच्या तुलनेत जवळपास दुप्पट होतो. नियमाप्रमाणे भरलेले, चांगल्या स्थितीतले सिलिंडर हा दाब सहन करते. धोका असतो तो क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या, गंजलेल्या किंवा तापलेल्या पत्र्याखाली ठेवलेल्या सिलिंडरचा.

अशा सिलिंडरांचे नियमन करणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची दाबचाचणी साधारणपणे दर पाच वर्षांनी करावी लागते आणि तिची तारीख सिलिंडरवर कोरलेली असते. ती पाहिल्याशिवाय सिलिंडर घेऊ नये. वायू खाद्य दर्जाचाच मागावा, वेल्डिंगच्या दुकानातला नको. रेग्युलेटरही याच वायूसाठी बनवलेला हवा. सिलिंडर उभे ठेवून साखळीने बांधावे. जोडणीनंतर प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहावे.

सोड्याला जोर यावा म्हणून दाब वाढवण्याचा मोह होतो. तो टाळावा. पाणी जितके थंड तितका वायू त्यात जास्त विरघळतो. शून्य अंशाजवळच्या पाण्यात वीस अंशांच्या पाण्यापेक्षा जवळपास दुप्पट. तेव्हा पाणी आधी नीट गार करावे. साध्या काचेच्या बाटलीत दाबाने वायू भरण्याचा प्रयोग तर कधीच करू नये. काच फुटली की पहिली इजा बहुधा डोळ्याला होते.

पाणी आणि नळी

सोड्याचे पाणी किंचित आम्लधर्मी असते. ते तांब्याच्या नळीत साचून राहिले तर तांबे त्यात विरघळते आणि पिणाऱ्याला मळमळ, उलट्या, पोटदुखी होते. एसी-फ्रिज दुरुस्त करणारा मिस्त्री हाताशी असलेली तांब्याची नळी सहज वापरून देईल. त्याला आधीच सांगावे, की पाणी आणि वायू एकत्र आल्यानंतर पुढे फक्त स्टेनलेस स्टील किंवा खाद्य दर्जाचे प्लास्टिक हवे. सोडा उलटा घरच्या पाइपात जाऊ नये म्हणून एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्हही बसवावा.

आपल्या जिल्ह्यात पांढरकवडा, झरी जामणी या भागांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. वायू मिसळल्याने ते कमी होत नाही. बोअरच्या पाण्याचा सोडा करायचा असेल, तर पाणी तपासून आणि आरओ यंत्रातून काढूनच वापरावे.

एवढी काळजी घेतल्यावर साधा, बिनसाखरेचा सोडा बहुतेकांना अपायकारक नाही. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी जपून घ्यावा. रक्तदाब असणाऱ्यांनी मीठ घातलेला मसाला सोडा टाळावा. आणि एक गोष्ट घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवावी. छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल, तर 'गॅस झाला' म्हणून सोडा पीत बसू नये. ढेकर आल्याने बरे वाटले तरी हृदयविकार नाही असे ठरत नाही. १०८ ला फोन करून सरळ रुग्णालय गाठावे.

दुसरा नळ

बिअरच्या नळाचा हिशेब वेगळा आहे. बाटली रिकामी होते आणि टेबलावर दिसते. नळ पेला भरतो आणि मोजणी संपते. पाच टक्के अल्कोहोलच्या ६५० मिलिलिटर बिअरमध्ये सुमारे २५ ग्रॅम, तर आठ टक्क्यांच्या 'स्ट्राँग'मध्ये सुमारे ४० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. पाच टक्क्यांच्या बिअरचे वीस लिटरचे पिंप म्हणजे अशा तीस बाटल्या. त्यात ताजी, पाश्चरीकरण न केलेली बिअर फार दिवस टिकत नाही. मग वाया जाऊ नये म्हणून ती संपवली जाते. पिण्याचे कारण तहान किंवा पाहुणे न राहता पिंप होऊन बसते. शिवाय नळीत यीस्ट आणि जिवाणूंचा थर धरतो. ती दर दोन आठवड्यांनी विशिष्ट द्रावणाने धुवावी लागते.

अल्कोहोल लघवीचे प्रमाण वाढवून शरीरातले पाणी कमी करते. एप्रिल-मेमध्ये गारवा म्हणून घेतलेली बिअर उष्माघाताला जवळ आणते. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. ज्या घरात मुले मोठी होत आहेत, तिथे पाण्याच्या नळाशेजारी बिअरचा नळ असणे म्हणजे काय, याचा विचार गवंडी बोलावण्याआधीच करावा.

कायद्याचीही बाजू आहे. महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो आणि साठ्यावर मर्यादा असते. शेजारचा वर्धा जिल्हा १९७४ पासून दारूबंदीचा आहे. पिंप कुठून, कसे आणता येईल, की येणारच नाही, हे राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात आधी विचारावे.

हौस भागवायचीच असेल, तर नळ एकच बसवावा, सोड्याचा. त्यात लिंबू पिळावे, कोकम घालावे, मुलांनाही द्यावे. ज्यांना बिअर घ्यायचीच आहे त्यांनी ती बाटलीतून घ्यावी, म्हणजे किती झाली ते समोर दिसते. आणि सिलिंडरची जागा नकाशावर पहिल्याच दिवशी आखून घ्यावी: घराबाहेर, सावलीत, मोकळ्या हवेत.