बँकॉकच्या चौकातला ब्रह्मदेव

बँकॉकला पहिल्याच सकाळी आम्ही रस्त्यात थबकलो. टुकटुक आणि मोटारसायकलींच्या गर्दीतून अनवाणी भिक्खू निघाले होते आणि एक बाई चपला काढून त्यांच्या पात्रात भात वाढत होती. आईला राहवले नाही. ती चरणस्पर्शाला वाकली. त्या बाईने हलकेच तिचा हात धरला. स्त्रियांनी भिक्खूंना शिवायचे नाही, असा तेथला रिवाज. आई ओशाळली, पण दुसऱ्या दिवशी तिनेही भात घेतला आणि न शिवता पात्रात ठेवला.

वाट फो विहारातली ४६ मीटर लांबीची पहुडलेली बुद्धमूर्ती पाहिली. तेथे वर्षही बुद्धाचे, आपल्या सनात ५४३ मिळवायचे. "आजी, तुझा जन्म २४९३ चा!" नातू ओरडला.

खरा धक्का बसला राचप्रासोंगच्या चौकात. भोवती मोठमोठी दुकाने, वरून धावणारी स्कायट्रेन आणि कोपऱ्यावर चार तोंडांचा ब्रह्मदेव! झेंडूच्या माळा, उदबत्त्या, लाकडी हत्ती आणि नवस फेडण्यासाठी पैसे देऊन नाचवलेल्या नर्तकी. एका हॉटेलच्या बांधकामात विघ्ने येऊ लागली, म्हणून ज्योतिषाच्या सल्ल्याने तो तेथे बसवला. कधी? नोव्हेंबर १९५६! वाचकहो, १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी पहिल्याच प्रतिज्ञेत ज्याला निरोप दिला, तो महिन्याच्या आत बौद्धांच्या या राजधानीत विराजमान झाला.

"हे कसले बौद्ध?" आम्ही चिडून म्हणालो.

आई गर्दीकडे पाहत राहिली. "कालची ती भात वाढणारी बाईही येत असेल इथे," ती म्हणाली. माळावाली मागे लागली होती. आईने माळ घेतली नाही, पण तिला हसून नमस्कार केला.